दिसेनासा झालेला रेणू

रेणू कोणी डोळ्यांनी पाहिलेला नसतो. तरीही प्रत्येक पिढीला तो दाखवावा लागतो. फळ्यावर काढलेला बेंझीनचा षट्कोन, काड्या आणि रंगीत गोळ्या जोडून केलेली मिथेनची प्रतिकृती, पाठ्यपुस्तकातील डीएनएचा पिळदार जिना ही सारी त्या अदृश्याची प्रातिनिधिक रूपे. त्यांपैकी फळ्यावरचे चित्र सपाट राहते आणि गोळ्या-काड्यांची प्रतिकृती पन्नास-साठ अणूंच्या पुढे गेली की हातात मावत नाही. म्हणूनच संगणकाच्या पडद्यावर बोटाच्या इशाऱ्याने फिरणारा रेणू अवतरला, तेव्हा शिक्षकांच्या एका पिढीला फार मोठे साधन हाती आल्यासारखे वाटले. ते साधन मध्यंतरी बंद पडले. ते का बंद पडले आणि पुन्हा चालू करताना काय काय आडवे आले, याविषयी चार शब्द लिहावेत असे मनात आले. कारण हा उद्योग आम्ही नुकताच स्वतः केला आहे.

आरंभ रेणूच्या नोंदीपासून करणे इष्ट. १९७१ साली अमेरिकेतील ब्रूकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत ‘प्रोटीन डेटा बँक’ स्थापन झाली, तेव्हा तिच्यात अवघ्या सात रचना होत्या. त्याच वर्षी आमच्या वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून वेंकटरमण रामकृष्णन हे भौतिकशास्त्राचे पदवीधर होऊन बाहेर पडले. पुढे २००० साली त्यांच्या गटाने रायबोसोमच्या लहान घटकाची अणुपातळीवरील रचना प्रसिद्ध केली आणि २००९ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. ती रचनाही याच पेढीत जमा आहे. २०२३ साली पेढीतील रचनांची संख्या दोन लाखांच्या पुढे गेली. ही पेढी सर्वांना विनामूल्य खुली आहे, आणि तिच्या जुन्या नोंदींची मांडणी इतकी साधी की कोणत्याही संगणकावर ती नुसत्या डोळ्यांनी वाचता येते. एका ओळीत एक अणू. ओळीतील ३१ ते ५४ या अक्षरस्थानांत त्या अणूचे तीन दिशांचे सहनिर्देशक, अँगस्ट्रॉममध्ये; म्हणजे मिलिमीटरच्या एक कोट्यंश भागाच्या मापात. त्या ओळींत चित्र असे काहीच नसते. अणू कोठे आहे एवढेच ती ओळ सांगते. चित्र काढण्याचे काम पाहणाऱ्याच्या साधनाचे.

ही साधने एकामागून एक आली. १९९३ च्या सुमारास रॉजर सेल यांचा ‘रासमोल’ हा प्रोग्रॅम सर्वांसाठी खुला झाला. १९९६ साली त्याच्याच पायावर ‘चाइम’ नावाचे प्लगइन आले आणि रेणू थेट महाजालाच्या पानात फिरू लागला. त्यानंतर जावा भाषेतील ‘जेमोल’ आले. जावाचे ब्रीदच असे की एकदा लिहा आणि कोणत्याही यंत्रावर चालवा. ब्राउझर, ज्याला आपल्याकडे काही जण न्याहाळक म्हणत, त्याच्यात जावा असली की पुरे. मग यंत्र विंडोजचे असो, मॅक असो वा लिनक्स असो.

आमच्या परिचयाच्या एका निवृत्त रसायनशास्त्राच्या बाईंनी त्या ब्रीदावर विश्वास ठेवला होता. २००५ च्या सुमारास त्यांनी चोवीस पाठ तयार केले. पाणी आणि बर्फ, साखर, वीस अमिनो आम्ले, इन्सुलिन, हिमोग्लोबिन आणि शेवटी रायबोसोम. प्रत्येक पाठाच्या एका अंगाला मराठी आणि गुजराती मजकूर, दुसऱ्या अंगाला फिरणारा रेणू. कोणत्या ओळीवर टिचकी मारली की कोणता अणू उजळावा, कोणता भाग नाहीसा व्हावा, हे सारे त्यांनी शाळा सुटल्यावर रात्री बसून आज्ञा लिहून ठरवले होते. निवृत्तीनंतर तबकड्या कपाटात गेल्या. अलीकडे आमच्या वाचनालयात रविवारी नववी ते बारावीच्या मुलामुलींचा विज्ञानवर्ग सुरू झाला, तेव्हा बाईंनी त्या तबकड्या बाहेर काढल्या. पाने उघडली, मजकूर जसाच्या तसा होता, आणि रेणूच्या जागी करडा चौकोन.

“अक्षरं सगळी आहेत. रेणू तेवढा कुठे गेला ते बघा,” एवढेच बाई म्हणाल्या.

वर्गातल्या एका मुलाने सुचवले की याविषयी हवे तितके व्हिडिओ मिळतात, जुने कशाला उकरायचे? त्यावर बाईंचे उत्तर आम्हांला मोलाचे वाटले. “व्हिडिओ फिरतो तो करणाऱ्याच्या मर्जीनं. तुला पाठीमागचा अणू बघायचा असेल तर तो थांबेल का तुझ्यासाठी?”

चौकोन करडा का झाला याचे उत्तर इतिहासात आहे. जावाचे प्लगइन हे ब्राउझरच्या घरात राहणारे परके बिऱ्हाड होते. त्याच्या फटींतून यंत्रात शिरणे शक्य असल्याचे वारंवार आढळले, आणि जानेवारी २०१३ मध्ये अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा विभागाने ब्राउझरमधील जावा बंद ठेवण्याचा सल्ला दिला. २०१४ च्या जानेवारीत अधिकृत सही नसलेले छोटे जावा प्रोग्रॅम, म्हणजे ॲपलेट, अडवले जाऊ लागले. २०१५ साली क्रोमने आणि मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्सने अशा प्लगइनचा आधार काढून घेतला. आणि २०१८ च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या जावाच्या अकराव्या आवृत्तीत ते प्लगइनच उरले नाही. आयपॅडसारख्या साधनांवर तर ते कधी नव्हतेच. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. घराला चोरवाट आहे असे कळल्यावर ती बुजवणे क्रमप्राप्त होते. त्या वाटेने शिक्षकही ये-जा करीत, एवढेच.

सुदैवाने बाईंच्या पाठांना वारस होता. अमेरिकेतील सेंट ओलाफ महाविद्यालयाचे रॉबर्ट हॅन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ च्या सुमारास जेमोलचे जावास्क्रिप्टमध्ये रूपांतर पूर्णत्वास नेले; त्याचे नाव ‘जेएसमोल’. जावास्क्रिप्ट ही ब्राउझरची अंगभूत भाषा असल्याने वेगळे बिऱ्हाड लागत नाही. आणखी मोठी गोष्ट अशी की रासमोलच्या काळापासूनची आज्ञांची भाषा चाइम, जेमोल आणि जेएसमोल यांनी पुष्कळ अंशी तशीच चालू ठेवली आहे. हा अणू निवड, त्याला पूर्ण गोळ्याच्या रूपात दाखव, तो लाल कर, अशा ज्या आज्ञा बाईंनी वीस वर्षांपूर्वी लिहिल्या, त्या जवळजवळ जशाच्या तशा चालल्या. प्रत्येक पानाच्या माथ्यावरील दोन-तीन ओळी तेवढ्या बदलाव्या लागल्या.

येथे काम संपायला हवे होते. प्रत्यक्षात येथून ते सुरू झाले. वर्गात येणारी यंत्रे एका जातीची नव्हती. वाचनालयाचा जुना विंडोज संगणक, एका विद्यार्थिनीच्या दादाचा मॅक, आमच्या घरचा लिनक्स, आणि उरलेल्यांच्या हाती फोन. तोच पाठ प्रत्येक यंत्रावर निराळ्या तऱ्हेने अडत होता. अशा वेळी मनुष्य चार बटणे एकदम दाबतो आणि मग कशाने काय झाले ते कळेनासे होते. आम्ही एक वही घातली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि कोणत्या यंत्रावर काय दिसले ते लिहायचे. वैद्य आधी नाडी पाहतो, मग मात्रा देतो. तसाच हा क्रम.

पहिला अडथळा दारातच होता. पेनड्राइव्हवरील पानावर दोनदा टिचकी मारून ते उघडले की मजकूर येई, रेणू येत नसे. कारण असे की यंत्रातल्या एखाद्या पानाने शेजारची फाइल परस्पर वाचावी, याला आजचे ब्राउझर सहसा मज्जाव करतात. नाहीतर कोणतेही उपद्रवी पान आपली खाजगी कागदपत्रे वाचू शकेल. निदानाची खूण सोपी आहे. पत्त्याच्या पट्टीत आरंभी ‘फाइल’ हा शब्द दिसला की रोग हाच. उपायही सोपा निघाला. लिनक्सच्या यंत्रावर पायथॉनची एका ओळीची आज्ञा देऊन छोटा सर्व्हर चालू केला आणि वाचनालयाच्या वायफायवरून सर्व यंत्रांना एकाच पत्त्यावर बोलावले. त्यामुळे पेनड्राइव्ह फिरवण्याचा त्रासही वाचला.

त्यातून दुसरा अडथळा उपजला. चोवीसपैकी पाच पाठ, जे विंडोजवर ठीक होते, ते या नव्या मार्गाने रिकामे येऊ लागले. वहीत पाहिले तर पाचांतही रेणूच्या फाइलचे नाव मोठ्या रोमन अक्षराने सुरू होत होते आणि पानात ते लहान अक्षराने लिहिलेले होते. विंडोज मोठ्या-लहान अक्षरांत भेद करीत नाही. लिनक्स कसोशीने करतो. आपल्या देवनागरीत हा भेदच नसल्याने तो नजरेत भरत नाही. सगळी नावे लहान अक्षरांत केली आणि पाचही पाठ उजळले.

तिसरा अडथळा वेगाचा. रायबोसोमच्या त्या घटकात पन्नास हजारांहून अधिक अणू आहेत. जेएसमोल साधारणपणे मुख्य प्रोसेसरच्या बळावर चित्र काढते. एवढा भार पडल्यावर फोन तापले आणि पान गोठले. नव्या साधनांचा मार्ग वेगळा आहे. २०११ साली ‘वेबजीएल’ हे मानक निश्चित झाले आणि ब्राउझरला यंत्रातील ग्राफिक्स चिपकडून काम करून घेता येऊ लागले. ‘थ्रीडीमोल’, ‘एनजीएल’ आणि आज प्रोटीन डेटा बँकेच्या संकेतस्थळावर वापरले जाणारे ‘मोलस्टार’ ही या मार्गाची साधने. त्यांच्याद्वारे मॅकवर रायबोसोम लीलया फिरू लागला. वाचनालयाच्या जुन्या यंत्रावर मात्र काळा चौकोन. तेथे साधन निर्दोष होते. सदोष ठरलेल्या जुन्या ग्राफिक्स ड्रायव्हरांची एक यादी ब्राउझर जवळ बाळगतात आणि त्या यादीतील यंत्रावर वेबजीएल आपणहून बंद ठेवतात. ड्रायव्हर नवा मिळाला तर दार उघडते. आमच्या यंत्राला तो मिळेना; तेव्हा त्याच्यासाठी आणि फोनसाठी पाठच हलका केला. प्रत्येक न्यूक्लिओटाइडमधील फॉस्फरसचा आणि प्रत्येक अमिनो आम्लातील एका कार्बनचा अणू तेवढा घेऊन साखळीचा मागोवा रेखाटला. सारे अणू गेले, घडण राहिली. आणि मुलांना घडणच दाखवायची होती.

चौथा प्रसंग गमतीचा. वीस अमिनो आम्लांचा पाठ आम्ही वेबजीएलवर नेला, तेव्हा बाईंच्या मूळ योजनेप्रमाणे एका पानावर वीस चौकटी होत्या. पान खाली उलगडत जावे तशा चौकटी भरत, आणि शेवटची भरली की पहिल्या चार रिकाम्या होत. फोनवर तर बाराचा ग्रास होई. ही संख्याच रोगाचे नाव सांगत होती. क्रोमच्या जातीचे ब्राउझर मोठ्या संगणकावर एकाच वेळी अशा सोळा चौकटी आणि अँड्रॉइड फोनवर आठ चौकटी जिवंत ठेवतात. नवी आली की सर्वांत जुनी सोडून देतात. वीस चौकटींऐवजी एक चौकट आणि वीस नावांची यादी केली, तेव्हा सर्वत्र सुरळीत झाले.

बोटांचाही प्रश्न होताच. विंडोजवर माऊसच्या उजव्या बटणाने उघडणारी यादी मॅकवर कंट्रोलची कळ दाबून टिचकी दिल्यावर मिळते. फोनवर पान सरकवायला गेलेले बोट रेणूत अडकते आणि पानाऐवजी रेणूच गरगरतो. चौकटीच्या दोन्ही बाजूंना बोटभर मोकळी पट्टी सोडली, एवढ्यावर भागले.

आणि मग तो दोष आला, ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला. हिमोग्लोबिनच्या पाठात मजकूर म्हणतो की या प्रथिनात चार साखळ्या असतात. पडद्यावर दिसत होत्या दोन. मुलांनी एकमुखाने निर्णय दिला की ब्राउझरने अर्धा रेणू गिळला. आम्ही वही उघडली. विंडोज, मॅक, लिनक्स, फोन, सर्वांवर दोनच साखळ्या. जेएसमोलवर दोन, थ्रीडीमोलवरही दोन. सर्व यंत्रांवर, सर्व साधनांत सारखाच दिसणारा दोष यंत्राचा असण्याचा संभव फार थोडा. तेव्हा फाइलच उघडून वाचायला घेतली. ती ‘१ एचएचओ’ या क्रमांकाची, प्राणवायू धारण केलेल्या मानवी हिमोग्लोबिनची नोंद होती. तिच्यात खरोखरच दोन साखळ्या लिहिलेल्या आहेत, आणि ते बरोबरच आहे. स्फटिकात रेणू ठरावीक सममितीने रचलेले असतात. या स्फटिकात हिमोग्लोबिनचा एक अर्धा भाग सममितीच्या अक्षाभोवती अर्धे वर्तुळ फिरवला की दुसरा अर्धा मिळतो. म्हणून नोंदीत एकच अर्धा लिहितात आणि दुसरा कसा मिळवायचा याचे गणित वरच्या ओळींत देतात. ते गणित करून दाखव, अशी आज्ञा साधनाला दिली आणि चारही साखळ्या प्रकटल्या.

एका मुलीने विचारले, “मग बाई, हायड्रोजन पण दिसत नाहीयेत, ते पण असेच कुठे लिहिलेत का?” बाईंचा चेहरा आम्हांला अजून आठवतो. त्यांनी सांगितले की क्ष-किरणांना दिसतात ते इलेक्ट्रॉन. हायड्रोजनजवळ तो एकुलता एक, तोही बंधात गुंतलेला. म्हणून अशा बहुतेक नोंदींत हायड्रोजन सापडत नाही. अणूंना जोडणाऱ्या काड्यांचेही तसेच. नेहमीच्या अमिनो आम्लांतले बंध नोंदीत लिहिलेले नसतात. ठरीव साच्यावरून किंवा दोन अणूंमधील अंतर पाहून साधन ते स्वतः जोडते. म्हणजे पडद्यावरचे काय मोजलेले, काय अनुमानलेले आणि काय नुसते रंगवलेले, हे निवडायला मुले त्या दिवशी शिकली. प्राणवायू लाल नसतो आणि नत्र निळा नसतो, हे सांगावेही लागले नाही. सुरळीत चाललेल्या पाठातून हे प्रश्न निघाले असते की नाही, याची आम्हांला शंका आहे.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांतून या गोष्टीचा दुसरा चेहरा परिचयाचा आहे. कित्येकांच्या माळ्यावरील पेटीत पणजोबांची मोडी कागदपत्रे आहेत. कागद टिकला, शाई टिकली; वाचणारा उरला नाही. त्या कागदात जमिनीचा वाद आहे की मुलीच्या लग्नाचा खर्च, हे घरातल्या कोणालाच सांगता येत नाही. मोडीचा जाणकार भेटला तर पेटी पुन्हा बोलते, कारण लिपीची किल्ली कोणीतरी जपली आहे. बाईंचे पाठ वाचले तेही याच कारणाने. रेणूंच्या नोंदी साध्या अक्षरांत होत्या, त्यांचे नियम उघडपणे छापलेले होते, आणि दाखवणारी साधने कोणालाही उघडून पाहता येतील अशी होती. चाइम एका कंपनीचे बंद प्लगइन होते. ज्यांचे पाठ केवळ त्याच्याच आज्ञांवर बेतले गेले, त्यांना अधिक सोसावे लागले. जे जपायचे ते साध्या रूपात जपावे आणि ते कसे वाचायचे तेही सोबत लिहून ठेवावे, हा धडा घरच्या पेटीलाही लागू आहे.

आजची साधने तरी अमर आहेत असे नव्हे. जुन्या नोंदींच्या मांडणीत अणूच्या क्रमांकाला पाचच जागा असल्याने ९९,९९९ च्या पुढील अणू तिच्यात मावत नाहीत. पेढीने त्यासाठी अधिक ऐसपैस मांडणी केव्हाच स्वीकारली आहे. ब्राउझरही बदलत राहतील. म्हणून बाईंच्या सांगण्यावरून आम्ही एक कागद तयार केला. रेणू दिसेनासा झाला तर प्रथम दुसऱ्या यंत्रावर पाहा. तेथे दिसला तर पहिल्या यंत्राचा ब्राउझर, मग ग्राफिक्स. कोठेच दिसला नाही तर पत्ता आणि फाइलच्या नावाची अक्षरे. सर्वत्र सारखाच अपुरा दिसला तर फाइल उघडा आणि वाचा. एका वेळी एकच बदल, आणि झालेले सर्व वहीत. खाली तारीख आणि वापरलेल्या आवृत्त्यांचे क्रमांक. बाईंनी तो कागद पाठांसोबत ठेवला आणि त्याची एक प्रत हायड्रोजनविषयी विचारणाऱ्या मुलीला दिली. पुढच्या खेपेला पाठ बंद पडतील, तेव्हा ते चालू करणे तिच्याकडे आहे.